पहिल्या स्टार्टचा धूर

पप्पा, "गरम गाडीवर मी बोलत नाही," असं तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचात. काल ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं. माझी गाडी सकाळी चालू केली की निळा धूर सोडते. पार्किंगमधल्या शेजारणीने नाकाला ओढणी लावली तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रखडत गाडी गॅरेजवर नेली. मेकॅनिकने दोनदा रेस करून, मागे वाकून बघितलं. "मॅडम, धूर कुठाय? एकदम क्लीन आहे." मी म्हटलं, "गरम गाडीवर बोलू नका. रात्रभर इथेच ठेवते, सकाळी तुम्हीच चालू करा." तो हसला. "कोणी शिकवलं तुम्हाला?" मी चावी त्याच्या हातात ठेवली. रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत मनात तुमच्याशी बोलत राहिले.

वर्तकनगरचं तुमचं गॅरेज, ती पत्र्याची शेड. मी दहा वर्षांची, शाळेआधी तुमचा डबा घेऊन आलेली, जुन्या टायरवर बसून बघतेय. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी तुम्ही फिरवता आणि मला विचारता, "सांग, कुठला?" पांढरा, पण लगेच विरला, म्हणजे सायलेन्सरमधलं दव, गाडीला काही झालेलं नाही. पांढरा आणि थांबतच नाही, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत उतरतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, आधी एअर फिल्टर बघायचा. आणि निळा म्हणजे ऑइल. "हा सगळ्यात लबाड," तुम्ही म्हणता. "रात्री थेंब थेंब आत झिरपतं, सकाळी जळतं आणि अर्ध्या मिनिटात साफ. मग दिवसभर गाडी सोन्यासारखी."

आपल्या कॉलनीतले मास्तर जुनी गाडी घ्यायला निघाले, तेव्हा तुम्हाला बरोबर घेऊन गेले. मीही मागे लागून आले होते. तुम्ही ना टायर बघितले ना सीट, नुसता बोनेटवर तळहात ठेवलात आणि मागे फिरलात. "अहो, एसी दाखवायला आत्ताच चालू केली होती," मालक म्हणाला. "गरमच दाखवायचं तर चहा दाखवा," तुम्ही म्हणालात. "गाडी उद्या सकाळी बघू." मास्तर वाटभर हसत होते.

त्यानंतर सोळा वर्षांनी तुमचा खोकला सुरू झाला. तुम्ही पाचला उठायचात, मोरीचा नळ मोठा सोडायचात, आम्ही उठेपर्यंत खोकून, आंघोळ करून, केस विंचरून तयार. दिवसभर ठणठणीत. एका पहाटे मी लवकर उठले. मोरीच्या पांढऱ्या लादीवर लाल रेघ होती. तुम्ही घाईने तांब्या ओतलात आणि म्हणालात, "आईला सांगू नकोस. लग्न तीन आठवड्यांवर आलंय तुझं."

मी हट्टाने नौपाड्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली. तुम्ही म्हणालात, "सकाळची नको, संध्याकाळची घे." मी संध्याकाळची घेतली. का, ते मला तेव्हाच कळलं होतं, पप्पा. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मी त्या टायरवर बसून वाढले होते.

डॉक्टरांनी छाती तपासली. "खोकल्यातून काही पडतं का? रक्त वगैरे?"

"छे हो! धुरातला माणूस मी. थोडा खोकला असायचाच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही बघितलं नाहीत, समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलात. मी पर्सची चेन उघडली, परत लावली. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे औषध घ्या, थांबला नाही तर छातीचा फोटो काढू." बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि मेंदीवालीला कधी बोलवायचं ते विचारलंत. औषध संपलं, लग्न झालं, फोटो राहिला. तो निघाला तेव्हा डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही नव्हतात.

मी घाबरून गप्प बसले, असं मी सगळ्यांना सांगत आले. आईलाही तेच सांगितलं. खरं असं की तुम्ही "छे हो" म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. हॉल ठरलेला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मला लग्न हवं होतं.

आज सकाळी गॅरेजवर गेले. मेकॅनिकने माझ्यासमोर थंड गाडी चालू केली आणि निळा लोट उठला. "बरोबर बोललात मॅडम. वेळेवर आणलीत," तो म्हणाला. मला तिथे उभं राहवेना.

हा कागद गाडीच्या कागदांबरोबर ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच मागते, पप्पा. मी त्या संध्याकाळी बोलले असते तरी उशीर झालेलाच होता, एवढं एकदा म्हणा. खोटं असलं तरी म्हणा. तुम्ही म्हणणार नाही. उघडून बघितल्याशिवाय कुठल्याच इंजिनाला तुम्ही 'गेलं' म्हटलं नाहीत.