सॉरी म्हणजे नक्की कोण गेलं?

उधवा, ता. तलासरी
१० डिसेंबर २०१७

कोसबाडचे आमचे मेव्हणे जिव्याभाऊ यांना देवजीचा रामराम.

आजवर मी तुम्हाला अरेतुरे करत आलो. या पत्रापुरतं तुम्ही म्हणतो आहे, त्याची सवय लावून घेऊ नये. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचा दमा कसा आहे, म्हैस व्यायली का, आणि तुमची बहीण रखमी (म्हणजे माझी बायको, बावीस दिवस तुमच्याकडे आहे म्हणून आठवण करून दिली) पथ्याचं खाते का, ते कळवावं. उत्तराचं पाकीट नीट चिकटवावं. मागच्या खेपेला ते उघडं आलं होतं आणि पोस्टमन माझ्याकडे बघून हसला होता.

डहाणूच्या दवाखान्यात जे झालं त्याचं खापर सगळे माझ्या एकट्यावर फोडतायत असं कानावर आलं. तर माझी बाजू अशी. एकतीस वर्षं मी शाळेत शिपाई होतो, इंग्रजीचे तास दाराबाहेर उभं राहून ऐकले, आणि तेव्हापासून त्या भाषेतल्या सॉरी या शब्दावर माझा भरवसा नाही. पूर्वी आपल्याकडे कोणी चुकला तर तो घरी यायचा, अंगणात उभा राहायचा, खाली बघायचा. आपण त्याला पाणी द्यायचो. तो प्यायला की मिटलं. आता एसटीत कंडक्टर पायावर पाय देतो, सॉरी म्हणतो आणि पाय तिथेच ठेवतो. वापीचा दुकानदार खत संपलं, सॉरी म्हणतो आणि खताची गोणी त्याच्या पाठीमागे दिसत असते. म्हणजे ज्याला पुढे काही करायचं नाही, त्याच्यासाठी हा शब्द काढलेला आहे असं माझं मत झालं. सिनेमातलं तर तुम्हालाही माहीत आहे. डॉक्टर दारातून बाहेर येतो, चष्मा काढतो, सॉरी म्हणतो, आणि आतलं माणूस गेलेलं असतं. सॉरीनंतर कोणी उठून बसल्याचं मी एकाही सिनेमात पाहिलेलं नाही.

आता त्या दिवसाचं. रखमीच्या पोटातले खडे काढायचे होते. (पोटात खडे गेलेच कसे? तांदूळ घरचा, निवडलेला. पण ते असो.) तासाभराचं काम म्हणाले होते, अडीच तास झाले. मी बाकावर बसून दाराकडे बघत होतो. शेवटी डॉक्टर बाहेर आला, त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, सॉरी काका. पुढेही तो काही बोलत होता, पण मी ऐकायला शुद्धीवर कुठे होतो. खाली बसलो आणि कपाळ बडवून घेतलं. मग तुम्हाला फोन लावला. तो डॉक्टर 'उशीर झाला, पण सगळं ठीक आहे' असं म्हणत होता हे मला मागाहून कळलं. मग तेच आधी म्हणायला याचं काय गेलं होतं?

नर्सनं मला दोनदा सांगितलं, आजी बऱ्या आहेत, झोपल्यात. पण एवढ्या गोड आवाजात सरकारी माणूस कधी बोलत नाही, तेव्हा हे काहीतरी लपवतायत अशी माझी खात्री झाली. हिरव्या पडद्याआड रखमीला आणून निजवलं होतं. पाय दिसत होते, हलत नव्हते. मी उशाशी बसलो आणि जे तोंडाला येईल ते बोलत रडलो. नर्स म्हणाली, आवाज कमी करा. गेलेल्या माणसाला आवाजाचा काय त्रास, असं मी तिलाच सुनावलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. दुःखाच्या घाईत मिळेल ती गाडी घ्यावी लागते हे मला मान्य आहे, पण धाकटी डहाणू गावचा सुकटीचा टेम्पो घेऊन सोळा माणसं दवाखान्यात आणायची म्हणजे वासाचा तरी विचार करायचा. वर कोसबाडला दिलेल्या माझ्या बहिणीनं, हिराबाईनं, दारापासूनच गळा काढला. जिवंतपणी तिनं रखमीला धड हळद उसनी दिली नाही आणि त्या दिवशी म्हणे माझी सोन्यासारखी वहिनी. त्या गलक्यात रखमीनं डोळे उघडले. दुसऱ्या कोणी पाणी मागितलं असतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, कणगीत कसली रेघ?

जिव्याभाऊ, आता लपवून उपयोग नाही, कारण तुम्ही दारात उभे होतात. ती मेली असं समजून मी जे कबूल केलं ते तिनं गुंगीत पडल्यापडल्या अक्षरन् अक्षर ऐकलं. भाताच्या कणगीला मी आतून कोळशाची रेघ मारून ठेवतो. रोज बघतो. भात हिशेबापेक्षा जास्त उतरतं, आणि ते पिशवी भरभरून कोसबाडला जातं असा माझा सहा वर्षं संशय होता. हे तोंडावर कधी बोललो नाही, हा माझा चांगुलपणा कोणी धरतच नाही. रखमी तर दवाखान्यातून घरी न येता थेट तुमच्याकडे गेली.

शाळेतल्या मनिष सरांना मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी शब्दकोश काढला. खिन्न, दिलगीर, पस्तावलेला, आणि शेवटी कीव येण्यासारखा. हा शेवटचा वाचताना सर माझ्याकडे बघत होते. एका शब्दात इतके अर्थ कोंबलेत म्हणजे कुठेतरी फसवणूक असणारच. पण सर म्हणाले, देवजीकाका, तुम्हाला ह्यातले सगळेच लागू पडतात. घरी येऊन चहा केला, तो दोघांचा झाला.

असो. दम्यावर अडुळशाचा काढा घ्यावा. कळावे.

तुमचा दाजी,
देवजी

ता. क. १ : रखमी गेल्यावर बावीस दिवसांत मी एकटा मूठभर शिजवतो, तरी भात रेघेखाली चार बोटं उतरलं. बॅटरी लावून पाहिलं. कणगीच्या बुडाला घुशीचं बीळ आहे, चांगलं हात जाईल एवढं. घुशीनं अजून मला सॉरी म्हटलेलं नाही.

ता. क. २ : रखमीला वाचता येत नाही, तेव्हा पत्र तिला वाचून दाखवावं. तुम्ही वरचं ता. क. गाळाल असा मला संशय आहे, म्हणून याचीच दुसरी प्रत तुमच्या शेजारच्या शितलबाईंकडे धाडली आहे.

ता. क. ३ : जिव्या, तो शब्द मी तिला म्हणणार नाही. त्याचा मला कळलेला अर्थ एकच, की माणूस गेलं. डॉक्टरच्या तोंडून तो खोटा निघाला, पण या घरात तो आता खरा झाला आहे. मी रविवारी येतो. अंगणात उभा राहीन, खाली बघेन. पाणी तिनंच आणावं. तू आणलंस तर मी पिणार नाही. तिला सांग, कणगीतली रेघ पुसली आहे. ओल्या फडक्यानं पुसली, थोडी खूण राहिली. ती मी आता रोज बघत नाही.