रिमोट कोणाच्या हातात होता

पहूर,
दि. १२ ऑगस्ट १९९६

चि. रुपचंद यास,
पितांबरभाऊचा रामराम.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला. माझा पाय बरा आहे, काठी सुटली. घरी सगळे खुशाल. कुंदाबाईला आणि लेकरांना आमची आठवण सांग.

अजून शेठच्या ट्रकवर जात नाही. घरीच असतो. आमच्या लेकीला, सुगंधाला, तिच्या मामानं सुरतेहून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला, त्यात दिवस जातो. तुझ्यासारखा खेळणारा इथं कोणी नाही, म्हणून तुलाच सांगतो. शुद्ध फसवणूक आहे. कॅसेटवर लिहिलंय ९९९ गेम. मी मोजले, बारा निघाले. बाकी तेच ते. कुठं माणसाचा शर्ट बदललेला, कुठं खेळ तिसऱ्या पायरीपासून सुरू. वर बारक्या अक्षरात काय लिहिलंय ते चिनी की जपानी, कोणाला ठाऊक. तक्रार तरी कोणाकडे करायची?

एक गेम दोन दिवस खपून संपवला. वाटलं, आता काहीतरी दिसेल. तर पुन्हा पहिल्यापासून सुरू, फक्त वेग वाढलेला. बनवणाऱ्याला माणूस जिंकलेला बघवतच नाही. त्यात मध्येच लाइट गेली की सगळी मेहनत पाण्यात.

धुळ्याला हायवेजवळच्या पत्र्याच्या दुकानातलं गेमचं मशीनही तसलंच होतं. शेवटच्या पहिलवानापाशी पोचलं की नेमकं बटण दबायचं नाही. तू हसून म्हणायचास, "भाऊ, मशीन बी मालकनी बाजूनं शे." तरी तू त्याला हरवायचास. मला ते कधी जमलं नाही.

सगळ्यात राग येतो तो गाड्यांच्या गेमचा. बनवणाऱ्यानं जन्मात गाडी हाकलेली नाही. रस्त्यावर खड्डा नाही, बैलगाडी नाही. चढावर इंजिन ओढत नाही, घाटात ब्रेक तापत नाही. ड्रायव्हरला जेवण जड होत नाही, झोप येत नाही. गाडी आपटली की दोनदा लुकलुकते आणि पुन्हा रस्त्यावर उभी.

परवा अशीच आपटली. मी म्हटलं, रिमोटच खराब आहे. सुगंधा शेजारी बसली होती. म्हणाली, "आबा, रिमोट चांगला आहे. तुमच्याच हातात होता."

मी तिच्यावर उगाच ओरडलो. ती उठून गेली. मग टीव्ही बंद केला आणि तुझं पत्र पुन्हा काढलं.

तू लिहिलंयस, "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, पण माझाच डोळा लागला असेल. माझ्यामुळे तुमचा पाय मोडला, माफी असावी." हेही लिहिलंयस की आता तू दाळमिलमध्ये पोती उचलतोस आणि ड्रायव्हरशेजारी बसायचीही भीती वाटते.

रुपचंद, तुझा डोळा लागला होता. पण तू केबिनमधल्या मागच्या फळीवर झोपला होतास.

सावद्याहून केळी भरली, तिथून शिरपूरपर्यंत गाडी तू चालवलीस. शिरपूरला ढाब्यावर जेवलो. तू म्हणालास, घाट मीच काढतो. मी म्हटलं, तू पड, मला झोप नाही. दुपारची वेळ होती, ऊन काचेवर येत होतं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर माझी मान पडली. डोळे उघडले तेव्हा गाडी आडवी झाली होती आणि केबिनची मागची बाजू फुटून तू केळीच्या घडांखाली होतास.

दवाखान्यात शेठ आले. त्यांनी विचारलं, "गाडी कोणाच्या हातात होती?" आदल्याच वर्षी माझ्याकडून एक गाडी ठोकली गेली होती. पुन्हा झालं तर दारात उभं करणार नाही, असं ते तेव्हाच बोलले होते. मी तुझं नाव घेतलं. पोलिसांनाही तेच सांगितलं. डॉक्टरांना तू शुद्धीवर येशील याची खात्री नव्हती. मला वाटलं, तू काही उठत नाहीस. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

तू चौथ्या दिवशी उठलास. तुला काही आठवत नव्हतं आणि मी काही बोललो नाही.

काल जळगावला जाऊन शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दीड वर्ष झालं, आता कशाला उकरतो?" मी म्हटलं, तो पोती उचलतोय. मला त्यांनी कामावरून काढलं, ते ठीकच आहे. वकिलाकडून कबुलीचा कागद करून सही केली. २६ तारखेला सेंधव्याला तुझ्या केसची तारीख आहे. मी तिथं येतो आणि साहेबांसमोर उभा राहतो. तू काही बोलायची गरज नाही. माझ्याशीही बोलायची गरज नाही.

घरी सगळ्यांना परवा रात्रीच सांगितलं. सुगंधा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही.

हे पत्र कुंदाबाईला वाचून दाखव. नवऱ्यानं गाडी उलटवली असं लोक तिला म्हणतात, ते माझ्या कानावर आलंय.

गाडी तुझ्या हातून गेली नव्हती. तू चांगला ड्रायव्हर आहेस.

बिजासन घाटात गाडी चालवत होता तो,
पितांबर