नऊ वर्षांची एकवीस मुलं

डंडी, ३ सप्टेंबर १९५६

ती. वुलमामास,
एफीचा सा. न. वि. वि.

आधी शुद्धलेखनाची माफी मागते, आणि उशिराचीही. हे पत्र मी टाइपरायटरवर बडवतेय. आमचे संपादक पेट्रीसाहेब म्हणाले की पोरी, नुसतं चांगलं अक्षर असून भागणार नाही, टाइपही यायला हवं. मला दोन बोटांनी येतं, त्यातलं एक चुकतं. तुझ्या नावापासून इथवर यायला जेवणाची अख्खी सुट्टी गेली आणि माझी खिम्याची करंजी गार झाली.

काम बरं चाललंय. आपल्या 'खडखडाट' या मुलांच्या चित्रसाप्ताहिकासाठी तुझ्यासारख्या चित्रकारांची पानं आली की पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांत मी शब्द भरते. आधी पेन्सिलीनं बारीक रेघा आखायच्या, मग चार नंबरच्या निबानं कॅपिटल अक्षरं काढायची, मग रेघा पुसायच्या. दिवसभर लोकांच्या तोंडी शब्द घालते आणि माझ्या तोंडून साधं गुड मॉर्निंग निघत नाही. आई म्हणते, ही माझी पोर नव्हेच, कुणीतरी बदलली. तिचंही चूक नाही. तागाच्या गिरणीत मागांच्या आवाजावर ओरडून ओरडून ती आता घरातही मीठ मागते तेव्हा वरच्या मजल्यावरून मीठ येतं.

परवा पेट्रीसाहेब समोरून येताना दिसले. त्यांच्याशी बोलावं लागेल म्हणून मी दिसलं ते दार उघडून आत शिरले. ते कोटांचं कपाट निघालं. साहेबांनी कपाट उघडलं. मला काही सुचेना, म्हणून मी त्यांचा कोट त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, वा, छान सोय केली हो. आता रोज साडेपाचला मी आधीच कपाटात जाऊन उभी राहते आणि कोट देते. नाही कसं म्हणायचं तेच कळत नाही.

आता मुद्दा. आई म्हणाली होती मामाला सांगू नकोस, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. अंकातली चिठ्ठी कापून, आवडत्या तीन चित्रपट्ट्या लिहून मुलं पाठवतात ना, त्या दर शुक्रवारी मी आणि शेजारच्या टेबलावरची नॅन मोजतो. तुझा 'पोलादी प्रिंगल' अकरांमध्ये अकरावा आलाय. सलग तिसऱ्या आठवड्यात. पेट्रीसाहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर प्रिंगल बंद.

लोभ आहेच, तो न लाजता वाढवावा, मी लाजते तेवढं पुरे.

तुझी,
एफी

*

ऑकमिथी, ६ सप्टेंबर १९५६

चि. एफीस,
वुलमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका ओळीत सात चुका मोजल्या आणि मग मोजणं सोडलं, कारण कपाटाची गोष्ट आली. आपल्या घराण्यात कुणी साहेबाच्या इतकं जवळ पोचलं नव्हतं.

प्रिंगलचं कळलं. खोटं सांगत नाही, त्या दिवशी रेघ सरळ येईना. एकोणीस वर्षं झाली. दर आठवड्याला त्या टकल्यानं काहीतरी वाकवलंय. रुळ, दिव्याचे खांब, एकदा तर पाणबुडी. आपल्याकडे चित्रकारानं पानावर नाव घालायचं नाही हा नियम, त्यामुळे गावात अजून कुणाला माहीत नाही की मी नक्की काय करतो. शेजारचा जॉक समजतो मी पाट्या रंगवून निवृत्त झालोय. तो म्हणतो, रिकामाच आहेस तर माझ्याकडे हॅडॉक मासे धुरवायला ये. मला माशाच्या वासाचं वावडं नाही गं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी जो एकच उद्योग येतो तोही येत नाही असं ठरलं, तर सकाळी उठून बसायचं कुठल्या टेबलापाशी?

काल शाळेच्या फाटकाशी उभं राहून पोरांना विचारलं की प्रिंगल कसा वाटतो. एक म्हणाला, तो आमच्या बाबांना आवडतो. दुसरा म्हणाला, आमच्या आजोबांना. तिसऱ्यानं मास्तरांना बोलावलं.

तू यात काही करू नकोस. तुझ्या आईनं लहानपणी मला समुद्रात बुडण्यापासून वाचवायला म्हणून माझी होडी किनाऱ्यावरच बुडवून दाखवली होती. तेच रक्त तुझ्यात आहे.

ओढ आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
वुलमामा

*

डंडी, १ ऑक्टोबर १९५६

ती. वुलमामास,
सा. न. वि. वि.

हेही टाइप करतेय, पण आता सरावासाठी नाही. हातानं लिहायची भीती बसलीय. का ते सांगते.

तू म्हणालास काही करू नकोस. मी केलं. छपाईत खराब झालेले अंक गोदामात पडलेले असतात, त्यातल्या एकवीस चिठ्ठ्या कापल्या आणि घरी नेऊन भरल्या. प्रत्येकीवर पहिल्या नंबरला प्रिंगल. कुणी कार्डिफचं, कुणी लीड्सचं, कुणी बेलफास्टचं. वय सगळ्यांचं नऊ ठेवलं, कारण आठ म्हटलं तर फार लहान वाटलं आणि दहा म्हटलं तर मुलं लबाड असतात. दुसऱ्या दिवशी गुपचूप ढिगात मिसळल्या. नॅननं मोजलं, प्रिंगल आठवा! मला वाटलं, शाळा सोडली तरी डोकं आहे मला.

त्याच शुक्रवारी दुपारी पेट्रीसाहेबांनी बोलावलं. टेबलावर एकवीस चिठ्ठ्या ओळीनं मांडलेल्या. ते म्हणाले, एफी, मला आश्चर्य वाटतं. कार्डिफचा हा मुलगा, लीड्सची ही मुलगी आणि बेलफास्टची ही जुळी, सगळ्यांचं अक्षर कॅपिटल, सगळ्यांचं उजवीकडे कललेलं, सगळ्यांकडे चार नंबरचा निब. शिवाय खाली पेन्सिलीच्या रेघा आखून पुसल्यात. इतकी व्यवस्थित मुलं या देशात असती तर आपला धंदाच बसला असता.

मामा, मी घरी झोपेत पेंगत लिहिलं ते ऑफिसचंच अक्षर उतरलं. दुसरं अक्षर मला उरलेलंच नाही. आणि लिव्हरपूलच्या चिठ्ठीवर तर सवयीनं मजकुराभोवती फुगा काढला होता, शेपटासकट.

साहेबांनी विचारलं, काय म्हणायचंय? मी मान डोलावली. ते म्हणाले, मानेला काय समजू? मी पुन्हा डोलावली. शेवटी ते म्हणाले, बरं, बोलता येत नसेल तर लिहून आण, कसं केलं, का केलं, सगळं. मग ठरवतो तुला ठेवायचं की नाही. मी तीन पानं टाइप केली. कपाटाचं, होडीचं, वय नऊ का ते, सगळंच. पानं घेऊन ते घरी गेले, सोमवारी सांगतो म्हणाले. आज सोमवार आहे. ते अजून आत आहेत आणि माझी हिंमत होत नाही.

खरी मोजणी पुन्हा झाली. प्रिंगल अकरावा. बंद. तुला वाचवायला गेले आणि आता बहुतेक घराण्यात दोघं रिकामे. आई म्हणाली, निदान होडी तरी खरी होती.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पण थोडाच धर.

एफी

*

ऑकमिथी, ५ ऑक्टोबर १९५६

चि. एफीस,
अनेक आशीर्वाद.

राग धरायला बसलो होतो. चांगला धारदार कागदही काढला होता. तेवढ्यात पेट्रीचं पाकीट आलं. त्यात तुझी तीन पानं, आणि वर त्याच्या हातची एक ओळ की महिनाभरात टपालातून आलेली ही पहिलीच खरी हसवणारी गोष्ट आहे, पोरगी कामावर राहील, आणि प्रिंगलच्या जागी हिलाच काढशील का.

वाचून इतका हसलो की जॉक विचारायला आला, कुणी गेलं का. मग प्रिंगलचं शेवटचं पान पुरं केलं. त्यात तो काहीच वाकवत नाही, नुसता खुर्चीत बसतो. खुर्ची मोडते.

आता ऐक. नव्या चित्रपट्टीचं नाव सुचलंय, 'गुपचूप गर्टी'. लाजाळू पोर, काही बोलायला नको म्हणून वाटेल ते उद्योग करते, आणि प्रत्येक उद्योग तिच्यावरच उलटतो. पण ती गर्टी म्हणजे तू. दर आठवड्याला लाखभर पोरं तुला हसतील, ट्रामगाडीत, दुकानात, तुझ्या शेजारी बसून. तू नको म्हणालीस तर मी पेट्रीला नाही कळवीन आणि हॅडॉक धुरवायला जाईन. माशांना मी आवडेन असं वाटतं. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस. तुझं उत्तर तुझ्या अक्षरात हवं. या वेळी मान डोलावून चालणार नाही, पोस्टातून मान दिसत नाही.

माया आहेच, उत्तर काहीही आलं तरी ती हलणार नाही.

वुलमामा

*

डंडी, ८ ऑक्टोबर १९५६

ती. वुलमामास,
सा. न. वि. वि.

हो.

हातानं लिहिलंय बघ. कॅपिटलमध्येच आलं, इलाज नाही.

दोन दिवस नको असंच लिहिणार होते. मग वाटलं, ऑफिसात नॅन, शिपाई आणि लिफ्टवाला हसतातच. लाखभर आणखी हसले तर निदान कारण तरी मी निवडलेलं असेल. दोन अटी आहेत. नाक माझ्यापेक्षा लहान काढ. आणि गर्टीच्या तोंडून एकही फुगा निघू नये, ती फक्त मनात बोलेल.

तुझीच लाजरी, पण आता छापून येणारी,
एफी

*

डंडी, १८ फेब्रुवारी १९५७

ती. वुलमामास,
सा. न. वि. वि.

गर्टीचा पहिला आकडा आला. मला मोजायला बंदी आहे, म्हणून नॅननं मोजलं आणि मी तोवर कपाटात थांबले. नॅन कपाटापाशी येऊन ओरडली, सहावी, अगं, अकरांत सहावी! साहेब म्हणाले, पहिल्याच फेरीत सहावा नंबर म्हणजे गर्टी राहणार. तुझं टेबल शाबूत आहे, मामा.

गर्टी कपाटात लपते ते पान ज्या दिवशी छापून आलं, त्या दिवशी साहेब साडेपाचला आले आणि कोट न घेता उभे राहिले. म्हणाले, एफी, तुला हे कोट द्यायचं काम आवडतं का? मी म्हणाले, नाही. मोठ्यानं म्हणाले, नॅननंही ऐकलं. ते म्हणाले, मग पाच महिने सांगितलं का नाहीस, मी रोज तुला वाईट वाटू नये म्हणून कोट घ्यायला येत होतो, एरवी मी कोट खुर्चीवरच टाकतो.

आणि हो, एक चिठ्ठी बाद झाली. ऑकमिथीचा कुणी जेमी, वय आठ, पहिल्या नंबरला गर्टी, दुसऱ्यालाही गर्टी, तिसऱ्यालाही. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं, पण कोपऱ्यात शाईनं एक हॅडॉक काढलाय. साहेब म्हणाले, हा आठ वर्षांच्या पोरानं काढला असेल तर त्याला आजच नोकरीवर घ्या, आणि नसेल तर त्याच्या भाचीला विचारा की हा रोग घराण्यातच आहे का. मी मान डोलावली नाही. तोंडानं हो म्हणाले. चिठ्ठी मोजली नाही, पण साहेबांनी ती आपल्या भिंतीवर टाचलीय. एकोणीस वर्षांत तुझं नाव कुठं लागलं नाही, मासा मात्र लागला.

लोभ आहेच. तो वाढवायचा असेल तर पत्रानं वाढव, चिठ्ठ्या पाठवून नको.

तुझी,
एफी

ता. क. आपल्या मांजरीला कोळशाच्या पेटीत पाच पिल्लं झाली. पाचही काळी होती, पण आईनं धुतल्यावर तीन पांढरी निघाली.