परवानगीची खिडकी काढू नये

मी, पत्र्याच्या कारखान्याचा थोरला भागीदार, हे मृत्युपत्र शुद्धीवर, न पिता आणि कोणी मानेवर बसलेलं नसताना लिहितो. आधीचं मृत्युपत्र मी स्वतः फाडलं आहे.

राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. तिने मुलींना हवं तसं द्यावं. जावयांनी मध्ये नाक खुपसू नये.

आता प्रेस. जागा आम्हा भावांची असली तरी पत्रा कापणारं हे धूड माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते चालतं एका जुन्या प्रोग्रामवर. तो लिहिणारा केव्हाच वारला. जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम दुसऱ्याचं बटण खुशाल दाबायचा. नव्या कॉम्प्युटरची पडदा सांभाळणारी यंत्रणा ते चालू देत नाही. म्हणून मी पुस्तकं चाळून मधला दुभाषी प्रोग्राम लिहिला. प्रत्येक पत्र्याआधी तो प्रेसजवळच्या पडद्यावर खिडकी उघडून विचारतो, ‘बटण दाबू का?’ माणसाने हो म्हटलं, की जुन्या प्रोग्रामला खरंच बोट लागल्यासारखं वाटतं.

धाकट्या भावाला ही खिडकी खुपायची. “दादा, सासूसारखी सारखी काय विचारते ही!” मी आजारी असताना त्याने ती बंद करून टाकली. त्या दुपारी कोणी पडद्याला हातच लावला नाही. दुभाष्याने बटण दाबलं आणि तेवढ्यात, बराच वेळ हात न लागल्याने, पडद्याला आपोआप कुलूप लागलं. बटण सोडल्याचा निरोप त्या कुलपापाशीच अडला. जुन्या प्रोग्रामला वाटलं, बोट अजून दाबलेलंच आहे. पातं पडत राहिलं. खाली माझी धाकटी मुलगी अडकलेला तुकडा काढत होती. पहिल्या घावात बोटं गेली, दुसऱ्यात पंजा. तिला ओढून काढल्यावरही, वीज तोडेपर्यंत, पातं तिच्या रक्तात आपटत होतं.

भाऊ म्हणाला, “हिचं लक्ष कुठे होतं?” मी पहार घातली, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. त्याने माझे पुढचे दात पाडले. सोडवायला आलेल्या आमच्या वेल्डरांचं नाक फुटलं. त्याचं मला वाईट वाटतं, बाकीचं नाही.

ती पहार भावाला द्यावी.

पडद्याला कुलूप लागलं की दुभाषी आता आधी सगळी बटणं सोडतो. तरी खिडकी हवीच. परवा भाऊ धाकटीला म्हणाला, “तुझा बाप गेला की बघू त्या खिडकीकडे.” ती म्हणाली, “काका, एकच हात उरलाय माझा. तोही हवाय का?”

प्रेस, दुभाषी आणि माझा वाटा धाकटीला. डाव्या हाताने ती माझ्याहून भरभर लिहिते, आणि दुभाष्यातल्या माझ्या चुका काढताना माझी लाजही काढते. पोरगी गुणाची आहे.

अट एकच, आणि ती तिनेच घातली आहे: कोणीही, एका पत्र्यापुरतीसुद्धा, खिडकी काढली तर वेल्डरांनी गॅसकटरने प्रेसचे तुकडे करावेत. अंमलबजावणी त्यांच्याकडे.

हे वाचून वेल्डर म्हणाले, “दादा, लाखमोलाचं यंत्र आहे. कापण्याआधी एकदा विचारीन की.”

म्हटलं, “विचारणारी खिडकीच काढलेली असेल. तुम्ही विचारू नका. कापा.”

सही : थोरला भागीदार
साक्षीदार : वेल्डर, शेजारची शिंपीण. दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या.
ठिकाण : कारखान्याची मागची खोली, प्रेस बंद असताना
दिनांक : ९ मार्च