आजीला सातजणींचा पत्ता लागेना

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा दात-ओठ खात नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र भरपूर आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची पाठ? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता ना? (हे विचारायचं म्हणून विचारतोय असं समजू नका. मी संतापलोय, पण कोडगा झालेलो नाही.) आमच्याकडे सगळे ठीक, एक मी सोडून. सोमवारपासून तुम्हाला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा तुम्ही उचलला नाहीत. निवृत्त माणसाला एवढं काय काम असतं, हे मला एकदा समजावून सांगा. म्हणून आज, गुरुवारी सकाळी, कागद-पेन घेऊन बसलोय. कागदाला नुसतं वाजून बंद पडता येत नाही.

तुम्ही ज्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं संगणकाची मशीनं सांभाळलीत आणि जाताना ज्या खुर्चीत मला ढकलून गेलात, तिथली हकीकत सांगतो. आपली आठ मशीनं एकत्र गणित करतात, ती तुम्हीच जोडलीत आणि त्यांना नावंही तुम्हीच दिलीत. आजी सगळ्यांत मोठी, ती काम वाटून देणार. बाकी आत्या, मावशी, काकू, मामी, वहिनी, नणंद आणि जाऊ ते करणार. (सर्वांत जास्त तापणाऱ्या मशीनला मामी हे नाव का दिलंत, हे मामीला अजून कळलेलं नाही. माझं तोंड मी अजून तरी बंद ठेवलंय.) जगात लोक मशीनना एक, दोन, तीन म्हणतात. पण आमच्याकडे साहेबांसमोर उभं राहून मला सांगावं लागतं की, सर, नणंदेला जाऊ सापडत नाही. साहेब म्हणाले, घरचं घरी मिटवा.

झालं असं की तळघरात ओल आली, म्हणून गेल्या शनिवारी आठहीजणींना तिसऱ्या मजल्यावर हलवलं. जागा बदलली तसे नंबरही बदलले. आता मशीनला नावगाव काही कळत नाही, तिला कळतो नंबर. म्हणून प्रत्येकीच्या पोटात एक यादी असते, अमकी म्हणजे तमका नंबर अशी. मी आठही याद्यांमध्ये नवे नंबर स्वतःच्या हाताने भरले, तीनदा ताडून पाहिले आणि छाती फुगवून घरी गेलो. सोमवारी आजीने कामाला हाक मारली आणि एकीनेही काम घेतलं नाही.

हे एरवी चाललं असतं. पण हा आठवडा झडपवालीचा आहे. हृदयाची कृत्रिम झडप कशी बसवली तर रक्त अडणार नाही, याचं गणित करणारी ती बाई तुम्हाला आठवत असेल. कोपऱ्यातल्या टेबलावर बसते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं शेवटचं गणित वीस तासांचं आणि प्रबंध द्यायची मुदत आज संध्याकाळी पाच. मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा वाढत नाही. चुकली तर चार वर्षांचं काम कचऱ्यात. तिने मला एक शब्द सुनावला नाही, मामा. नुसती दारात यायची, बघायची आणि जायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी कामाला लागलो. एका मशीनवरून दुसरीला हाक मारून बघायची एक आज्ञा असते, समोरची जिवंत असेल तर ओ देते. सातपैकी सहाजणी मुक्या. वहिनीने मात्र ओ दिली! झटकन, हसतमुख! मी म्हटलं, म्हणजे नावं-नंबर बरोबर आहेत, दोष तारांमध्ये आहे. तारवाल्याला बोलावलं. (हा नवा आहे. तोंडात कायम काहीतरी चघळत असतो, त्यामुळे तो हो म्हणतोय की नाही हे कळायला दोन मिनिटं लागतात.) तो म्हणाला, तारा ठणठणीत आहेत, तुमची मशीनं मेली. मी म्हटलं, मशीनं ठणठणीत आहेत, तुमच्या तारा मेल्या. असं दोन तास चाललं. शेवटी मी स्वतः कपाटामागे पालथा पडून छत्तीस तारा काढल्या नि घातल्या. त्यात नवी पँट गुडघ्यात फाटली आणि तारवाला शेजारी उभा राहून, हळू, हळू, असं म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवारी विचार केला, निदान वहिनी तरी बोलतेय, तिलाच कामाला लावू. पण ती ओ देई आणि काम घेईना. मग तिचं एकेक दार ठोठावून पाहिलं, कुठून आत घेतेय का म्हणून. तासाभराने मोठ्या कारकूनबाई कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभ्या. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर आपोआप चालू झाला होता आणि प्रत्येक पानावर दोन ओळी अगम्य भाषेत छापत सुटला होता. एकशेचाळीस पानं! वहिनीचा तळघरातला जुना नंबर त्या प्रिंटरला मिळाला होता, मामा. दीड दिवस मी प्रिंटरला वहिनी म्हणत होतो.

त्याच संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. (त्यांचा चष्मा कपाळावर असतो आणि अक्कल बहुधा त्याच्याही वर, टक्कल सुरू होतं तिथून निसटून गेलेली.) संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण हे कुणाच्या चुकीने झालं ते लेखी द्या म्हणाले. मी दिलं. काय दिलं ते नंतर सांगतो.

बुधवारी सकाळी झडपवाली खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, ती यादी आपण दोघं एकदा वाचू या का, अगदी पहिल्या ओळीपासून? मी खेकसलो तिच्यावर. यादी मी तीनदा वाचली होती! तरी ती हलेना, म्हणून नाइलाजाने वाचायला घेतली आणि दहाव्या ओळीला डोक्यात उजेड पडला. वर तुमचे जुने नंबर तसेच, खाली माझे नवे. मशीन वरून वाचत येतं, पहिल्यांदा नाव दिसलं की तिथेच थांबतं आणि तो नंबर धरून चालू लागतं. खालचं बघतंय कोण! जुन्या ओळी उडवल्या आणि आठहीजणी सासर-माहेर विसरून कामाला लागल्या. बारा वाजून गेले होते. आज नऊच्या सुमाराला गणित पूर्ण झालं.

आता मला सांगा, जुन्या ओळी जिवंत ठेवायची ही कुठली पद्धत? नवीन भाड्याचं घर घेतलं की जुन्या दारावर पाटी ठेवून जातं का कुणी? शोध मी लावला म्हणून निभावलं, नाहीतर तुमच्या आळसापायी त्या बाईचा बळी गेला असता. लहान तोंडी मोठा घास, पण बोललो नसतो तर पोट फुगलं असतं. मामीला नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता.क. साहेबांना मी, दोष सापडलेला नसतानाच, लेखी दिलं की चूक पूर्णपणे तुमची. ते वाचून त्यांनी तुमचं मानद सल्लागारपद रद्द केल्याचं पत्र रवाना केलं आहे. जाडसर खाकी पाकीट येईल. ते न उघडता फाडा. कारण वरचं पत्र लिहून झाल्यावर मी यादीची पहिली ओळ नीट पाहिली. तिच्यापुढे खूण आहे, तशी ओळ मशीन वाचत नाही. मीही वाचली नव्हती, काल झडपवालीसमोरसुद्धा ती ओलांडूनच सुरुवात केली. तिथे तुम्ही लिहून ठेवलंय: नवा नंबर नेहमी जुन्याच्या वर लिहावा, जुना खाली राहू द्यावा, कधी काय होतं ते कळतं. सव्वीस वर्षं तुम्ही तसंच केलंत. खाली मी लिहिले.

ता.क. २. झडपवाली दोन वाजता प्रबंध देऊन पेढ्यांऐवजी चहा घेऊन आली. सहज बोलून गेली की मंगळवारी तिने तुम्हाला फोन केला होता. तिचा उचललात! तुम्ही तिला दोन मिनिटांत दोष सांगितलात आणि वर म्हणालात, बुधवारी सकाळपर्यंत त्याची वाट बघ. नाही जमलं तर शेजारी बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लाव, पण शोधू दे त्यालाच, नाहीतर त्या खुर्चीत कायम माझा भाचा म्हणूनच बसेल. मामा, मी त्याच दिवशी साहेबांना ते लिहून दिलं. मला लाज वाटतेय. पाकीट फाडू नका, वाचा. मी आत्ता साहेबांकडे जाऊन खरं सांगतो.

ता.क. ३. सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या, आत्ताच. सगळं खरं-खोटं यातच लिहून झालं होतं, म्हणून हेच पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी शिपायाकडून सगळ्या पानांची नक्कल काढून घेतली. तुमचं पद परत दिल्याचं पत्र उद्या निघेल. बाहेर आल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं आणि साहेबांच्या चष्म्याविषयी काय लिहिलंय ते पाहिलं. ते आत अजून वाचताहेत, मधूनच पान उलटल्याचा आवाज येतोय. तुमच्याकडची मागची खोली रिकामी आहे का?