ओट्याला लावलेली जीप

बाबा, गेले दोन महिने मी एका गाडीपायी घरच्यांचं डोकं खाल्लं आहे. उंच, रांगडी, चारही चाकांना जोर असलेली गाडी. तेल्हाऱ्याच्या आपल्या शेतात पावसाळ्यात काळी माती चाकांना धरते, साधी गाडी डांबरी रस्त्यावरच सोडून पायी जावं लागतं, हे माझं सांगायचं कारण. पण शेतात मी जाते फक्त रविवारी. उरलेले सहा दिवस अकोल्यातलं ऑफिस, भाजीबाजार आणि आईला दवाखान्यात नेणं. नवरा म्हणाला, "ऑफिसात का नांगर घेऊन जाशीन?" खरं कारण मी त्याला सांगितलंच नाही. त्या गाडीत बसलं की तुमच्या जीपमध्ये बसल्यासारखं वाटतं.

तुमची जीप मी चालवायला शिकले ते दिवस आठवतात. मी ती अंगणाच्या मधोमध सरळ उभी केली आहे, स्वतःवर खूश आहे, आणि तुम्ही शेजाऱ्यांदेखत ओरडता, "मधात काहून उभी केली? ओट्याले लाव!" मी म्हणते, घासते, रंग जातो. "जाऊ दे रंग." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. डाव्या बाजूला ओट्याच्या दगडाचे लांबच लांब ओरखडे होते, आणि आमच्या बाबांना गाडी नीट लावता येत नाही, असं मी मैत्रिणींना हसून सांगायची.

परवा ती नवी गाडी चालवून पाहायला आणली. आईला म्हटलं, पुढे बस. तिनं दांडीला हात घातला, एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग फाटकाजवळ उभी राहून म्हणाली, "इथं ओटा कुठी हाये?"

मला कळेना. तेव्हा ती म्हणाली, "तुया वक्ताच्या बाळंतपणापासून कंबर गेली माई. तुये बाबा जीप ओट्याले भिडवत, मी सिधी सीटवर बसो. उतरतानी ते हात देत." मला हे कधी सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "त्याच्यात सांगाचं काय हाये?"

आमच्या घराला ओटा नाही, बाबा. दुसऱ्या दिवशी मी साधी, बुटकी गाडी नोंदवून आले. आई तिच्यात आपली आपण बसेल. रविवारी चिखल तुडवत शेतात जाईन. मन मोठं वगैरे काही झालेलं नाही, ती उंच गाडी मला अजूनही हवी आहे.

हा कागद मी कुठे टाकणार? कपाटात राहील. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर जीप विकली, तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून डावी बाजू मी आधी रंगवून घेतली होती. आई तेव्हा तिथंच उभी होती.