वहिनीच्या अनारशांची जाळी

बनी पार्क, जयपूर
वसुबारस, १९८६

तीर्थरूप आईस,
विजूचा लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत. बाबांचा खोकला कसा आहे? लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत रमावहिनीच्या अनारशांना सुरेख जाळी पडली, हे तू पत्रात दोनदा लिहिलंस. आनंदच झाला.

मी अगदी शांत आहे. हे म्हणतात, सणासुदीला जीव तळमळला की डोळे मिटून सावकाश श्वास घ्यावा. आज कढईपाशी घेतला. डोळे उघडले तर अनारसा तुपात विरघळलेला! शेजारच्या भाभीजी हसून म्हणाल्या, "कोई बात नहीं, हलवा समझ लेंगे."

मला कधी त्या पिठाला हात लावू दिला नाहीस. तिला मात्र येताक्षणी शिकवलंस.

पीठ सैल झालं तर काय करायचं, ते कळव. मी विचारलं हे तिला सांगू नकोस.

तुझी आधीची लेक,
विजयमाला